पुटपुट

"दोनातून सात… जात नाहीत. मग सातातून दोन… पाच. पाचातून दोन… तीन. पस्तीस!"

लेक दुसरीत आहे. ती टेबलापाशी बसली होती, मी ओट्यापाशी. गणित होतं बावन्न वजा सत्तावीस. ती ते सोडवत होती म्हणण्यापेक्षा त्याच्याशी बोलत होती. शेवटचं 'पस्तीस' तर इतक्या ठसक्यात आलं, की क्षणभर मलाच वाटलं, असेल बाई पस्तीस.

तोवर मी तिला धांदरट समजत होते. वहीत लाल फुल्या होत्या आणि त्यांचा अर्थ आमच्या घरात ठरून गेला होता: लक्ष नसतं, घाई करते, येत असून चुकते. 'येत असून चुकते' हे वाक्य तर मी कितीतरी जणांना अभिमान आणि तक्रार समप्रमाणात मिसळून ऐकवलं होतं. त्या संध्याकाळी हात पुसत मी वही मागून घेतली आणि तिची पुटपुट डोक्यात ठेवून मागची पानं चाळली. त्र्याऐंशी वजा सेहेचाळीस, उत्तर त्रेचाळीस. एकसष्ट वजा अडतीस, उत्तर सदतीस. चाळीस वजा सतरा, उत्तर पुन्हा सदतीस. सगळ्यांवर फुली. आणि अडुसष्ट वजा पंचवीस मात्र बरोबर, त्रेचाळीस.

यात धांदरटपणा कुठेच नव्हता. उलट शिस्त होती, कडक शिस्त. एकाखाली एक असलेल्या दोन अंकांपैकी मोठ्यातून लहान काढायचा, वर कुठला आणि खाली कुठला याची चौकशी करायची नाही. हा नियम तिने एकदाही मोडला नव्हता. जिथे वरचे अंक मोठे होते तिथे तो नियम तिला तारून नेत होता, म्हणून काही गणितं बरोबर येत होती आणि म्हणून आम्ही म्हणत होतो, येत असून चुकते.

"असं कोणी सांगितलं तुला, मोठ्यातून लहान काढायचं?"

"तूच."

आठवायला वेळ लागला नाही. ती पहिलीत होती. तीनातून सात गेले तर काय उरेल, असं तिने एकदा विचारलं होतं. किती सुंदर प्रश्न! मी बाहेर पडायच्या गडबडीत होते. एका पायात चप्पल घालत मी म्हटलं होतं, "लहानातून मोठं जात नाही गं. नेहमी मोठ्यातून लहान काढायचं." तिने ते वाक्य जपून ठेवलं. मी विसरले, ती नाही विसरली.

मुलांच्या अशा चुकांचा पद्धतशीर धांडोळा जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी घेतला होता. त्यांचा निबंध 1978 मधला आहे. वजाबाकीत चुकणारी मुलं बऱ्याचदा वाटेल तसं चुकत नाहीत, ती एखादी बिघडलेली रीत अगदी इमानदारीने पाळत असतात, असं त्यांनी दाखवलं. अशा बिघडलेल्या रीतीला त्यांनी संगणकाच्या भाषेतला शब्द वापरला, 'बग'. मोठ्यातून लहान हा त्यांतला अगदी ओळखीचा, जगभर भेटणारा बग. म्हणजे माझं वाक्य काही खास माझं नव्हतं. अशा वाक्यांची घराघरांत पेरणी चालू असते.

बाईंना हे दिसलं नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. वर्गभर मुलं, प्रत्येकाची वही, प्रत्येक वहीत दहा-दहा उदाहरणं. वहीत उत्तर दिसतं, पुटपुट दिसत नाही. आणि वर्गात पुटपुटायला मनाईच असते. ते घरीच ऐकू येणार. मग इतके दिवस घरी तरी का ऐकू आलं नाही? कारण घरात कोणी गप्पच बसत नव्हतं.

आमच्या घरात तीन मास्तर. सासरे हिशेबाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना पावकी, निमकी, दिडकी अजून तोंडपाठ आहे आणि ती आपल्यानंतर कोणाला येणार नाही याचं खरंखुरं दुःखही आहे. नवऱ्याचा भरवसा मोबाईलवरच्या ॲपवर. त्यात बरोबर उत्तराला फटाके फुटतात. चार पर्याय ओळीने दाबत गेलं की कधी ना कधी फटाके फुटतातच, हा शोध लेकीने दोन दिवसांत लावला. नवऱ्याला तो लागायला महिना गेला. आणि तिसरी मास्तरीण मी. माझी पद्धत म्हणजे शेजारी बसायचं, तिचं पेन्सिल टेकवणं बघायचं आणि चुकीचा आकडा अर्धा उमटायच्या आत "अंऽ" करायचं. त्या "अंऽ"वर ती खोडरबर उचलायची. काय चुकलं हे तिला कळायचं नाही, मलाही नाही. पण उत्तर बरोबर यायचं आणि गृहपाठ पूर्ण व्हायचा. शाळेत मी शेजारी नसायचे, मग तिथे फुल्या.

सासऱ्यांच्या पाढ्यांची मी थट्टा करत नाही. त्यांचं एक म्हणणं मला पटतं: सात आठी छपन्न जिभेवर असेल तर डोकं पुढच्या पायरीसाठी मोकळं राहतं. फक्त ते "सात आठी?" असं मधूनच विचारतात तेव्हा लेक 'सात एके सात'पासून धावत सुटते आणि छपन्नावर येऊन थांबते. ते म्हणतात, "असं नाही, थेट सांग." ती म्हणते, "थेटच येतेय, जरा लांबून." यावर त्यांच्याकडे अजून उत्तर नाही.

ते तिला आकडे लिहायला सांगतात तो कार्यक्रम मी आता मुद्दाम ऐकते. "एकोणसाठ." ती लिहिते 69. "बावन्न." लिहिते 25. पूर्वी मी म्हटलं असतं, लक्ष नाही. आता ओठांकडे बघते. एकोणसाठमधला 'साठ' तिला ऐकू येतो, म्हणजे सहा आलेच, आणि एकोणचा नऊ असतो एवढं तिला माहीत आहे. झाले एकोणसत्तर. एकोण म्हणजे 'एक ऊन', एकाने कमी, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. मलाही शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. बावन्नमध्ये 'बा' आधी येतो, 'वन्न' नंतर; लिहायचं मात्र उलट, आधी पाच. कान एकीकडे ओढतो, हात दुसरीकडे. जर्मन मुलांचेही हेच हाल, त्यांच्याकडेही चोवीसला 'चार आणि वीस' म्हणतात. चिनी मुलं सुखी. त्यांच्याकडे बावन्न म्हणजे सरळ 'पाच दहा दोन'.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणण्याची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! भाषा बुडाली, संस्कृती बुडाली. गणिताच्या अभ्यास समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, की ही जोडाक्षरं आणि हा उलटा क्रम लहान मुलांना अवघड जातो. तेव्हा मी विनोद पुढे पाठवणाऱ्यांत होते. मुलगी 25 लिहून माझ्याकडे 'बरोबर ना?' अशा नजरेने बघायला लागल्यावर ते विनोद आठवतात. 'बावन्न' हा शब्द मला प्रिय आहे, तो जाऊ नये असंच वाटतं. पण तो अवघड आहे एवढं कबूल करायला काय हरकत होती?

आता माझ्याविषयी थोडं. मला गणिताची धास्ती आहे. आवड नसणं वेगळं, ही धास्तीच. चौथीत फळ्यापाशी उभी राहून भागाकार अडला होता, हातातला खडू घामाने ओला झाला होता, मागे कोणीतरी खुसखुसलं होतं. एवढंच. पण आजही कोणी माझ्यासमोर तोंडी हिशेब सांगायला लागलं, की मी ऐकल्यासारखा चेहरा करते आणि आतून दार लावून घेते.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास माझ्या वाचनात आला आणि मी तो दोनदा वाचला. पहिली-दुसरीतली 438 मुलं आणि त्यांचे पालक. ज्या पालकांना गणिताची धास्ती होती आणि तरीही जे मुलांना वारंवार गृहपाठात मदत करत होते, त्यांची मुलं त्या वर्षात गणित कमी शिकली आणि वर्ष संपताना त्या मुलांची स्वतःची धास्ती वाढलेली निघाली. पालकांना धास्ती आहे पण मदत फारशी करत नाहीत, अशा घरांत हा परिणाम दिसला नाही. मी इतकी वर्षं उलटं समजत होते. मला गणित येत नाही म्हणून मी जास्त कष्ट घेतले पाहिजेत, जास्त वेळ बसलं पाहिजे, असं वाटायचं. मुलीसाठी जीव टाकत होते आणि त्या जिवाबरोबर तो ओला खडूही तिच्या हातात देत होते.

वाचनाच्या बाबतीत मात्र त्या अभ्यासात असा परिणाम आढळला नव्हता. हे वाचून हायसं वाटलं, कारण वाचायला बसलो की मी वेगळीच आई असते. तिथे मला घाई नसते. ती बोट फिरवत वाचते, 'वर्ग'पाशी अडते: "व… ग… र… वग्र?" मला हसू येतं, राग येत नाही. बिचारीचं काय चुकलं? रफार बसलाय 'ग'च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र 'ग'च्या आधी. पहिली वेलांटी त्याच्या उलट, अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. डोळ्याला एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे असं चालावं लागतं. "वग्रात बाई आल्या," ती वाचते, थांबते, ओठ हलवते, बाई कुठे येतात ते मनाशी ताडून बघते आणि स्वतःच म्हणते, "हां, वर्गात!" मी काहीच बोललेली नसते. बोलायचं सुचलेलंच नसतं. मग जे 'वग्र'पाशी जमतं ते वजाबाकीपाशी का जमू नये?

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांत ध्वनिफिती लावून शिक्षकांचं थांबणं मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात, तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्याला विचारतात, प्रश्न बदलतात किंवा उत्तर स्वतःच सांगतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद! मला वाटलं, एवढंच ना. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून करून पाहिलं. अडलेल्या मुलासमोरचे तीन सेकंद म्हणजे काय, हे करूनच बघावं. दुसऱ्या सेकंदाला माझ्या घशातून "अंऽ" वर यायला लागायचा.

तर एका रविवारी मी काड्यापेट्या आणल्या. काड्यांचे गुल काढून टाकले, दहा-दहा काड्यांना रबर लावून जुडगे केले. तिच्यासमोर पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या.

"या किती?"

तिने मोजल्या. जुडग्यांतल्याही मोजल्या, माझ्यावर विश्वास न ठेवता. "बावन्न."

"यातल्या सत्तावीस मला दे."

दोन जुडगे लगेच माझ्याकडे सरकवले. मग दोन सुट्या काड्या उचलल्या, माझ्या तळहातावर ठेवल्या, परत काढून घेतल्या. "सात पाहिजेत," ती स्वतःशी म्हणाली. घड्याळाचा काटा चालला होता. तिने टेबलाखाली वाकून बघितलं, काड्या पडल्या आहेत का म्हणून. माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. सासरे वर्तमानपत्रामागून खाकरले, त्यांना मी हाताने थांबवलं. तिने एक जुडगा उचलला, नाकाशी नेऊन वास घेतला, रबर ताणून सोडलं. पुन्हा ताणलं. "हे काढलं तर चालेल?" मी 'हो' म्हणायच्या आत रबर उडून दाराशी पडलंही होतं.

मग सगळं भराभर झालं. दहा आणि दोन बारा, सात माझ्या हातात, पाच तिच्यापाशी, आणि न फोडलेले दोन जुडगे. "पंचवीस," ती म्हणाली. आणि काड्यांकडे बघत, जराशा रागाने, "मग पस्तीस कुठून आले होते?"

दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा पस्तीसच. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर एका रविवारी काड्या मांडल्या आणि गणित सुटलं असं वाटेल. काड्यांच्या दुनियेत बावन्नातून सत्तावीस गेले की पंचवीस उरतात आणि वहीच्या दुनियेत पस्तीस उरतात, या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी-शेजारी सुखाने नांदत होत्या. तीन आठवडे हे चाललं. आधी शेजारी काड्या ठेवून वही, मग नुसतं रिकामं रबर मनगटात घालून वही. शेवटी एकदा तिने वहीत पाचावर काट मारून वर चार लिहिला आणि म्हणाली, "जुडगा फोडला." 'दशक सुटा करणे' हा पुस्तकातला शब्द तिला माहीत होता. तो आणि हा फोडलेला जुडगा एकच, हे मात्र मी सांगितलं नाही. म्हणजे सांगणार होते. गिळलं.

वुड, ब्रूनर आणि रॉस यांचा 1976 मधला एक निबंध आहे. त्यात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला होता आणि शिकवणारी व्यक्ती कधी, किती हात लावते हे टिपलं होतं. अशा मदतीला त्यांनी शब्द वापरला तो परांचीचा. बांधकामाभोवती बांबू बांधतात ना, ती. शिक्षणशास्त्रात तो शब्द पुढे फारच चालला. मला त्यातली अडचण रोज जाणवते: परांची उभी करणं आईबापांना बरोबर जमतं. उतरवायची वेळ आली की आपल्यालाच वाटतं, राहू दे अजून थोडे दिवस, भिंत ओली आहे.

पुटपुटण्याविषयी वाचत गेले तेव्हा लेव वायगॉत्स्की भेटला. हा रशियन मानसशास्त्रज्ञ 1934 मध्ये क्षयाने गेला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. लहान मुलं काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलतात, ते बोलणं दुसऱ्या कोणासाठी नसतंच, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेनेही नोंदवलं होतं. पियाजेला वाटलं, ही लहानपणाची आत्ममग्नता, मूल मोठं झालं की गळून पडेल. वायगॉत्स्की म्हणाला, गळून पडत नाही, आत जाते. मूल आधी इतरांशी बोलतं, मग तेच बोलणं स्वतःशी मोठ्याने, मग कुजबुजत, मग नुसते ओठ हलवत, आणि शेवटी आवाज बंद होतो आणि त्यालाच आपण विचार म्हणतो. काम जितकं अवघड, तितकी पुटपुट जास्त, हेही त्याने दाखवलं होतं. मला हे वाचून एकदम काहीतरी हाती लागल्यासारखं झालं. पुटपुट म्हणजे विचाराची खिडकी, आणि ती थोडी वर्षंच उघडी राहते. मग काय, मी तिथे ठाणच मांडलं.

ती अभ्यासाला बसली की मी ओट्यापाशी. हातात काहीतरी काम, कान टेबलाकडे. "सहातून नऊ… जात नाहीत… फोडला…" मी शिजणाऱ्या भाताकडे बघत आतल्या आत टाळ्या वाजवायची. नवऱ्याला रात्री वृत्तांत द्यायची, आज तिने असं केलं, तसं म्हणाली. सासऱ्यांनाही मी गप्प बसून ऐकायला शिकवलं. तेही आता वर्तमानपत्राचं तेच पान धरून अर्धा-अर्धा तास बसतात. एकूण काय, पूर्वी तीन मास्तर होते, आता तीन हेर झाले.

परवा ती शब्दांची गणितं करत होती. एका पेटीत इतके खडू, त्यातले इतके वाटले, छापाची. पुटपुट चालू होती आणि मध्येच थांबली. मी सवयीने मान किंचित वळवली. ती माझ्याकडेच बघत होती.

"आई, तू ऐकतेस ना?"

"नाही गं. मी काम करतेय."

"ऐकतेस. तू चमचा हलवायचा थांबवतेस."

मला काही सुचेना. तिने वही उचलली, खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली आणि पाठीचा कणा इतका ताठ ठेवून बसली, की तो कणासुद्धा सांगत होता, आता बघ. खोलीत नुसती शांतता. पेन्सिलही चालत नव्हती. आजोबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, बहुतेक अर्ध्या तासात पहिल्यांदाच.

मी सिंकमधली भांडी घासायला घेतली. नळ जरा मोठाच सोडला.